प्रसूतिकक्षातली जागरणे

बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसेल, तर निर्णयाला मिनिटेच मिळतात. सरकारी रुग्णालयात तो निर्णय रात्री बहुधा स्त्रीरोग विभागाचा निवासी डॉक्टर घेतो आणि अनेकदा तो आदल्या सकाळपासून जागा असतो. केंद्र सरकारच्या 1992 च्या निवासी डॉक्टर योजनेने सलग काम साधारणतः 12 तासांपलीकडे जाऊ नये, असे म्हटले होते. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला 74 तासांची मर्यादा सुचवली. बत्तीस वर्षांनी पुन्हा मर्यादा सुचवावी लागते, याचा अर्थ पहिली कागदावरच राहिली. 74 तासांची ही मर्यादा आता बंधनकारक करून तपासली गेली पाहिजे.

ज्येष्ठ डॉक्टरांचा आक्षेप रास्त आहे: प्रशिक्षणाच्या तीन वर्षांत हात बसायचा, तर प्रसूती आणि सिझेरियन भरपूर व्हायला हवीत. अमेरिकेतही शल्यचिकित्सेतील 2016 च्या मोठ्या चाचणीत पाळ्यांचे नियम शिथिल केल्याने रुग्णांचे नुकसान वाढलेले दिसले नाही. पण तिथे आठवड्याच्या 80 तासांची कमाल मर्यादा कायम होती, हे विसरता कामा नये. शिवाय आपल्याकडे निवासी डॉक्टरांचे कितीतरी तास रक्तपेढीच्या फेऱ्या, नमुने पोहोचवणे आणि नोंदवह्या भरण्यात जातात. त्यातून कोणते कौशल्य येते? त्या कामांना कर्मचारी नेमा, पाळी बदलताना लेखी हस्तांतर सक्तीचे करा, रात्री वरिष्ठ डॉक्टर प्रसूतिकक्षातच हजर ठेवा. तास घटतील, शिक्षण घटणार नाही. खर्च वाढेल, आणि तो सरकारनेच उचलायला हवा.