अमूर्त चित्र आणि मूर्त पैसा

१९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारने आपल्या नियोजित राष्ट्रीय कलासंग्रहालयासाठी अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक यांचे 'ब्लू पोल्स' हे अमूर्त चित्र तेरा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेतले, तेव्हा त्या देशात मोठा गदारोळ माजला. रंगांचे ओघळ, शिंतोडे आणि तिरके निळे खांब यांपलीकडे चित्रात काहीच नाही, मग करदात्यांचा पैसा का उधळला, असा सवाल झाला. पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम यांनी खरेदीला संमती दिली, पण किंमत लपवू दिली नाही. आज तेच चित्र कॅनबेराच्या संग्रहालयाचे भूषण मानले जाते आणि त्याचे मोल मूळ किमतीच्या शेकडो पटींनी वाढले आहे.

यावरून 'अडाणी लोक चुकले' असा निष्कर्ष काढण्याची घाई कलापंडितांनी करू नये. भाव वाढला म्हणून चित्र थोर ठरत नाही. कला म्हणजे सराफकट्टा नव्हे. करदात्याचा प्रश्न तेव्हाही रास्त होता आणि आजही आहे.

तो आपल्यालाही परका नाही. गोमंतकीय कुळातले थोर अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांचे एक चित्र २०२१ साली लिलावात ३९ कोटी ९८ लाख रुपयांना गेले. खासगी धनिकाने किती मोजावे, हा त्याचा प्रश्न. परंतु उद्या एखाद्या सरकारी संग्रहालयाने असे चित्र घ्यावयाचे ठरविले, तर सुप्याच्या माणसाने जाब विचारावा काय? अवश्य विचारावा. काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली ज्यांचे जुने गाव गेले, त्यांना 'सार्वजनिक हित' या शब्दाची किंमत इतरांनी शिकवावयास नको. जनतेच्या नावाने निर्णय घेणाऱ्याने जनतेला हिशेब दिलाच पाहिजे.

मात्र 'कळत नाही, म्हणून घेऊच नये' हा हट्टही आम्हांस मान्य नाही. शेंदूर माखलेल्या निराकार तांदळ्यापुढे हात जोडणाऱ्या समाजाला आकृतीवाचून अर्थ असू शकतो, हे नव्याने सांगावे लागू नये.

म्हणून संग्रहालयाने किंमत जाहीर करावी, निवडीची कारणे लोकांच्या भाषेत सांगावीत आणि चित्र तळघरात न डांबता लोकांसमोर टांगावे. लोकांनीही ते एकदा निवांत पाहावे. हिशेब मागण्याचा हक्क करदात्याचा आहे. न पाहताच नाक मुरडण्याचा हक्क मात्र त्यालाही नाही.