पुरावा पानात वाढला

हत्यार ओव्हनमध्ये शिजतंय आणि पोलीस ते शोधत घर पालथं घालताहेत. आल्फ्रेड हिचकॉकच्या टीव्ही मालिकेतला 'लॅम्ब टू द स्लॉटर' हा भाग १३ एप्रिल १९५८ रोजी अमेरिकेत दाखवला गेला. कथा आणि पटकथा रोआल्ड डालची, दिग्दर्शन खुद्द हिचकॉकचं. मालिकेच्या अर्ध्या तासाच्या २६८ भागांपैकी त्याने स्वतः दिग्दर्शित केलेले जेमतेम १७. त्यांतला हा एक.

मेरी गरोदर आहे. पोलीस खात्यातला नवरा संध्याकाळी घरी येतो आणि तिला सोडून जाणार असल्याचं सांगतो. ती तरीही स्वयंपाकाला लागते, फ्रीझरमधून कोकराची तंगडी काढते. दगडासारखी गोठलेली. तीच त्याच्या डोक्यात घालते. मग ओव्हन लावते आणि भाजी आणायला बाहेर पडते. दुकानदाराशी ती रोजच्यासारखी बोलते, तेवढ्यात माझ्या पोटात गोळा येतो. बार्बरा बेल गेडेस या अभिनेत्रीने कुठेही आवाज चढवलेला नाही. पुढे तपासाला आलेले पोलीस दमतात, भुकेजतात; ती आग्रहाने त्यांना जेवायला बसवते. हत्यार इथेच कुठेतरी नाकासमोर असणार, असं बोलत बोलत ते ती तंगडीच खाऊन टाकतात, आणि मेरी हसते.

खून कोणी केला हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी कळू द्या, मग माणसांना साध्या गप्पा मारू द्या, असं हिचकॉक सांगत असे. इथे तर बॉम्ब टेबलावरच वाढलेला. सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की 'खा, संपवा एकदाचं' असं आपल्यालाही वाटू लागतं. दिग्दर्शक आपल्याला गुन्ह्यात सामील करून घेतो.

मुंबईतल्या रे रोडच्या माणसाला यातली मेख चटकन कळेल. स्टेशनच्या पूर्वेला दारूखाना आहे, जहाजं मोडण्याची जागा. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचं, ओहोटीला ते गाळात बसलं की गॅस कटरने पत्रा पत्रा सोडवायचा. 'विक्रांत'ही इथेच आली. १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढलेली विमानवाहू नौका मे २०१४ मध्ये दारूखान्यात आणली गेली आणि त्या वर्षाच्या अखेरीस तिच्यावर कटर चालू लागले. २०१६ साली बजाजने तिचं पोलाद वापरून 'व्ही' ही मोटारसायकल बाजारात आणली. एवढी मोठी युद्धनौका, आणि तिचा तुकडा सिग्नलला आपल्या शेजारी उभा राहिला तरी ओळखू येत नाही! वस्तू रोजच्या वापरात मुरली की ती नजरेतून उतरते. डालच्या कथेचं सगळं यंत्र याच एका निरीक्षणावर चालतं.

भागाच्या शेवटी हिचकॉक पडद्यावर येऊन सांगतो, की मेरीने दुसऱ्या नवऱ्यावर हाच प्रयोग केला आणि ती पकडली गेली. फ्रीझर चालू करायचा राहिल्याने मटण मऊच होतं. गुन्हेगार सुटलेला दाखवू नये, या तेव्हाच्या टीव्हीच्या दंडकापायी जोडलेलं हे शेपूट आहे. माझ्या लेखी गोष्ट मेरीच्या हसण्यापाशीच संपते.

मराठीत अशा गोष्टींची जात रत्नाकर मतकरींनी जोपासली. बँकेतली नोकरी सांभाळून नाटकं, बालनाट्यं लिहिणाऱ्या या मुंबईकराने गूढकथेला मध्यमवर्गीय घरात आणून बसवलं. पडका वाडा नको, अमावास्या नको. ओळखीच्या खोलीतच काहीतरी बिनसलेलं असायचं. त्यांच्या कथांवरची 'गहिरे पाणी' ही मालिका अल्फा मराठीच्या प्रेक्षकांना आठवत असेल. मतकरी मे २०२० मध्ये करोनाने गेले. त्यांच्या कथा मात्र आहेत, उत्तम नट आहेत, नव्या दमाचे दिग्दर्शकही आहेत.

मराठी वाहिन्यांना म्हणूनच कळकळीची विनंती आहे. आठवड्यातला एक अर्धा तास द्या. एका बैठकीत सुरू होऊन संपणारी गोष्ट, एक घर, चार माणसं. ढणढणतं पार्श्वसंगीत नको आणि एकाच चेहऱ्यावर तीनदा जाणारा कॅमेराही नको. सुरुवात मतकरींच्या कथांपासून करा.