रताळ्याचा गर आणि त्याचा रंग

रताळे हे मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील पीक असून, पोर्तुगीजांमार्फत भारतात आल्यावर ते महाराष्ट्राच्या उपवासात असे रुजले की महाशिवरात्रीचा किंवा आषाढी एकादशीचा फराळ त्याच्याविना अपुरा वाटावा. अलीकडे त्याच्या गुणांची वर्णने वारंवार वाचनात येतात; मात्र ‘अ’ जीवनसत्त्वाबाबत सांगितली जाणारी त्याची महती सरसकट प्रत्येक रताळ्याला लागू पडत नाही, ती गराच्या रंगावर अवलंबून असते, ही महत्त्वाची गोष्ट त्यांतून बहुधा निसटते.

महाराष्ट्राच्या बाजारात मुख्यतः मिळणारे लाल सालीचे रताळे कापले की कडेने पांढरा चीक पाझरतो आणि आत पांढरा किंवा फिकट पिवळसर गर दिसतो. या गरात बीटा-कॅरोटीन, म्हणजे शरीर ज्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते ते नारिंगी रंगद्रव्य, फारच थोडे असते; त्यामुळे सालीच्या रंगावरून त्याबद्दल काहीच ठरवता येत नाही. याउलट नारिंगी गराच्या रताळ्यात ते इतके विपुल असते की सुमारे १२५ ग्रॅम रताळ्यातून लहान मुलाची ‘अ’ जीवनसत्त्वाची रोजची गरज भागू शकते. या जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो आणि मुलांची रोगप्रतिकारशक्ती खालावते. मोझांबिक, युगांडा यांसारख्या देशांत हीच उणीव भरून काढण्यासाठी नारिंगी रताळ्याचा प्रसार करणाऱ्या मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो यांना, पोषणसमृद्ध पिकांच्या कार्याचे प्रवर्तक हॉवर्थ बुइस यांच्यासह, २०१६चा जागतिक अन्न पुरस्कार देण्यात आला. भारतातही तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेने नारिंगी गराचे ‘भू सोना’ आणि जांभळ्या गराचे ‘भू कृष्णा’ हे वाण विकसित केले आहेत; त्यांपैकी दुसऱ्यात अँथोसायनिन, म्हणजे जांभळाला रंग देणाऱ्या गटातील द्रव्ये, भरपूर असतात.

याचा अर्थ पांढऱ्या गराचे रताळे कुचकामी ठरते, असा मुळीच नाही. १०० ग्रॅम कच्च्या रताळ्यात साधारणपणे ८६ कॅलरी, ३ ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि ३००हून अधिक मिलिग्रॅम पोटॅशियम असते, तर साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. म्हणून उपवासाच्या दिवशी खिचडीपेक्षा रताळ्याचा कीस केव्हाही सरस. त्या किसाला तुपाची फोडणी असते, हेही योग्यच आहे, कारण नारिंगी रताळे वापरल्यास त्यातील कॅरोटीन स्निग्ध पदार्थासोबतच नीट शोषले जाते.

शिजवण्याच्या रीतीनेही बराच फरक पडतो. रताळे सावकाश तापत असताना त्यातील एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, पिष्टाचे माल्टोज या साखरेत रूपांतर करते, आणि निखाऱ्यात भाजलेल्या रताळ्याची वाढलेली गोडी ही त्याचीच करामत असते. भाजलेल्या रताळ्याने रक्तातील साखर उकडलेल्यापेक्षा सहसा अधिक वेगाने वाढते. म्हणून मधुमेहींनी ते उकडून आणि बेताने खावे, पाकातल्या गोड कापांपासून तर दूरच राहावे. रताळ्यात ऑक्झलेट हे क्षारही असल्याने ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट.

रताळ्याची लागवड वेलाच्या तुकड्यांपासून होत असल्याने एकदा चांगले बेणे हाती आले की शेतकऱ्याला ते स्वतःच वाढवता येते. तेव्हा ग्राहकांनी भाजीवाल्याकडे नारिंगी गराच्या रताळ्याची आग्रहाने मागणी करावी आणि कृषी विभागाने त्याचे बेणे गावोगावी पोहोचवून अंगणवाडीच्या आहारात त्याला स्थान मिळवून द्यावे.