जखम कुठे झाली, हे विचारणारा रकाना

मार्केट यार्डातली हिंसा दर लाखाला किती, हे काढायला बसलं की पहिली अडचण छेदाची येते. अंश पोलीस ठाण्यातून मिळेल, पण छेदात काय घालायचं? जनगणना माणसाला त्याच्या राहत्या घरी मोजते, आणि पूर्ण आकडे हातात आहेत ते 2011च्या जनगणनेचे. पुण्यातल्या गुलटेकडीच्या या आवारात तर उजाडायच्या आत गाड्या लागलेल्या असतात. हमाल, तोलणार, आडते, टेम्पोवाले, धान्य निवडणाऱ्या बायका, परराज्यातून माल घेऊन आलेले ड्रायव्हर, तालुक्यातालुक्यांतून आलेले शेतकरी, यांतले बहुतेक जण जनगणनेच्या लेखी दुसरीकडचे रहिवासी. त्यांच्यातल्या मारामाऱ्यांना इथे राहणाऱ्यांच्या संख्येने भागलं की दर भलताच फुगतो आणि खापर फुटतं ते आंबेडकरनगर, डायस प्लॉट अशा शेजारच्या वस्त्यांवर. भागाकार चुकलेला नसतो, तरी वस्ती बदनाम होते. बाजार समितीकडे आवक गाड्यांच्या नोंदी असतात, माथाडी मंडळाकडे नोंदीत कामगारांच्या. आवारात कोणत्या वेळी किती माणसं असतात याचा अंदाज त्यांवरून बांधता येतो. हे काम किचकट आहे, पण ते न करता रंगवलेला हिंसेचा नकाशा आम्ही या मासिकात छापणार नाही.

अंशाची गोष्ट तर अधिकच गंभीर आहे. वाराई, म्हणजे माल उतरवण्याची मजुरी, कोणी द्यायची यावरून ड्रायव्हर आणि माल उतरवणारे यांच्यात वर्षानुवर्षे वाद होत आले आहेत. अशा एखाद्या बाचाबाचीत कुणाचं डोकं फुटलं, तर तो जवळच्या दवाखान्यात टाके घालून घेतो आणि पुन्हा कामाला लागतो. केस केली तर दिवस बुडतो, मजुरी बुडते, आणि उद्या त्याच गेटवर त्याच माणसांत उभं राहायचं असतं. मोठ्या रुग्णालयात गेला तर केसपेपरवर एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचा, शिक्का बसतो. तो बसणार हे कळलं की रुग्ण ‘पडलो’ म्हणतो. घरात मार खाल्लेली बाई ‘मोरीत पाय घसरला’ म्हणते. 2019–21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम 14 टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. म्हणजे पोलिसांच्या आकड्यांवर उभं केलेलं कोणतंही विश्लेषण मुळात तक्रार करू शकणाऱ्यांचं विश्लेषण असतं. ज्यांना तक्रार परवडत नाही ते त्यातून गळतात, आणि सार्वजनिक आरोग्यातल्या विषमतेची सुरुवात तिथेच होते.

वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या जबड्याच्या शल्यचिकित्सकाने या गळतीवर साधा उपाय काढला. मारहाणीचा रुग्ण आला की स्वागतकक्षातच विचारायचं: कुठे झालं, कधी झालं, कशाने मारलं. नाव काढून टाकायचं आणि महिन्याची बेरीज पोलीस, नगरपालिका व डॉक्टर यांनी एका टेबलाभोवती बसून पाहायची. 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचा अभ्यास आला. कार्डिफमध्ये हिंसेमुळे रुग्णालयात भरती होणाऱ्यांचं प्रमाण महिन्याला लाखामागे 7वरून 5वर आलं होतं, तर तुलनेसाठी घेतलेल्या शहरांत ते 5वरून 8वर गेलं होतं. यासाठी महागडी प्रणाली लागली नाही. लागले ते तीन प्रश्न आणि ते न चुकता विचारणारा माणूस.

आपल्याकडे असं काही होत नाही, ही तक्रार आम्हाला मान्य नाही. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने 2000 साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. परिचारिका आणि डॉक्टर वारंवार येणाऱ्या दुखापती, विषबाधा, भाजल्याच्या केसेस यांकडे वेगळ्या नजरेने पाहायला शिकले. तिथे बाईला आधी समुपदेशन आणि आसरा मिळतो, नोंद त्याच्या ओघात होते. हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्या टेबलावर मदत मिळत नाही, तिथे खरं कोण आणि कशासाठी सांगेल?

आता अशा नोंदींच्या जोखमीबद्दल. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्खे समाज जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा 1952 साली गेला, पण पारधी वस्तीवर पडणारी संशयाची नजर अजून गेलेली नाही. आज संगणकाने रंगवलेला लाल ठिपका तेच काम निमूटपणे करू शकतो. जिथे गस्त जास्त तिथे नोंदी जास्त, नोंदी जास्त म्हणून पुन्हा गस्त जास्त. त्यामुळे आमचा आग्रह आहे की रुग्णालयाची बेरीज बिननावाची असावी, एमएलसीच्या कागदांपासून वेगळी ठेवावी, आणि ठिकाण गेट, गाळा, चौक, घर एवढ्यापुरतंच लिहावं. घर म्हटलं तर पुढे पत्ता नको. लहान आकड्यांशीही जपून वागावं. गेल्या महिन्यात तीन आणि या महिन्यात सहा म्हणजे ‘हिंसा दुप्पट’ असा मथळा होऊ शकतो, पण एवढा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो. बारा महिन्यांची सरकती बेरीज पाहावी, मगच बोलावं.

दुखण्यामागची परिस्थिती शोधण्याची विचारपद्धती मार्केट यार्डाला परकी नाही. नाना पेठेत दवाखाना चालवणारे डॉ. बाबा आढाव हमालांच्या संघटनेकडे वळले. पुढे हमाल पंचायत, 1969चा माथाडी कायदा आणि 1974 साली सुरू झालेलं ‘कष्टाची भाकर’ एवढा पल्ला गाठला गेला. दुखणाऱ्या पाठीवर औषध देऊन भागत नाही, पोत्याचं वजन, मजुरीचा हिशोब आणि दुपारचं जेवण बदलावं लागतं, हे या आवाराने चळवळीतून शिकून घेतलं आहे. हिंसेच्या आकड्यांनाही तेच विचारायचं आहे. मारामाऱ्या पहाटे गाडी लावण्यावरून होतात की संध्याकाळी हिशोब चुकता होताना? ड्रायव्हरला झोपायला जागा आहे का? वाराईचा दर गेटवर ठळक लिहिलेला आहे का? स्वच्छतागृहाच्या वाटेवर दिवा आहे का? उत्तर ‘कोण’मध्ये शोधलं तर हाती आरोपी लागेल, ‘कुठे’ आणि ‘कधी’मध्ये शोधलं तर बदलता येईल अशी गोष्ट लागेल.

आपल्या वाचकांपैकी अनेक जण रुग्णालयांचे नोंदविभाग सांभाळतात, काही जण महापालिकेच्या आरोग्य खात्यात आहेत. त्यांना विनंती अशी: मार्केट यार्ड, स्वारगेट, बिबवेवाडी या पट्ट्यातले रुग्ण ज्या अपघात विभागांत येतात, तिथल्या केसपेपरमागे ‘कुठे, कधी, कशाने’ हे तीन रकाने छापून घ्या. गल्लीतल्या खासगी डॉक्टरांनाही टाके घालताना तेवढंच टिपायला सांगा. आणि पहिली बेरीज तयार झाली की ती आधी हमाल, तोलणार आणि धान्य निवडणाऱ्या बायका यांच्यापुढे वाचून दाखवा. गेट क्रमांक बघून कारण काय असेल हे तेच सांगतील, आणि कारणाचा तो चौथा रकाना त्यांच्याच शब्दांत भरावा. पोलीस आणि बाजार समिती यांच्याकडे मग चारही रकान्यांची प्रत जाऊ द्या.