शिक्षा वाढली, पुराव्याचे काय?

बुलढाणा : ‘शासकीय कामात अडथळा’ या एका शब्दप्रयोगाखाली दोन वेगळे गुन्हे मोडतात. भारतीय दंड संहितेच्या कलम १८६ नुसार निव्वळ अडथळ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होती. कलम ३५३ साठी मात्र हल्ला किंवा बळाचा वापर आवश्यक होता. महाराष्ट्राने २०१८ मध्ये कलम ३५३ ची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली आणि हे खटले सत्र न्यायालयाकडे सोपविले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोयाबीन-कापूस प्रश्नावर बुलढाण्यात झालेल्या आंदोलनानंतर शेतकरी नेते रविकांत तुपकर व कार्यकर्त्यांची रवानगी अकोला कारागृहात झाली. पुढे त्यांना जामीन मिळाला. अजामीनपात्र कलमांत निकालापूर्वीच कोठडी भोगावी लागते, ती अशी.

दोषसिद्धीची कसोटी मात्र तीच राहिली. फिर्यादीत हल्ल्याचा वा बळाचा उल्लेखच नसल्यास कलम ३५३ लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. पोलिसांची साक्ष केवळ ते पोलीस आहेत म्हणून अग्राह्य ठरत नाही. परंतु जबाबांतील विसंगती किंवा फितूर पंच यांचा लाभ आरोपीलाच मिळतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ मध्ये कमाल शिक्षा दोन वर्षेच आहे. त्यापूर्वीच्या घटनांना जुनाच कायदा लागू राहतो. पोलिसावर हात उगारणारा सुटू नये आणि नुसती हुज्जत घालणारा अडकू नये, यासाठी शिक्षेच्या वर्षांपेक्षा फिर्यादीतील नेमकेपणा अधिक मोलाचा आहे.