कोंडाच आहे, सोड की!

अक्कलकोट रोड एमआयडीसीत सगळ्यांच्याच डोक्यावर काहीतरी पांढरं असतं. टॉवेलच्या कारखान्यात मागांपाशी दहा मिनिटं उभं राहा, कापसाचे तंतू केसांत बसलेच म्हणून समजा. त्यामुळे तिथं अकाउंट्स बघणाऱ्या माझ्या मैत्रिणीचं डोकं खाजायला, आग व्हायला लागलं तेव्हा अख्ख्या ऑफिसचं एकमत झालं: कोंडा! मग अँटी-डँड्रफ शाम्पू, कुणाच्या तरी आत्याचं तेल, कांद्याचा रस. (स्टोअर्समधल्या काकांनी लिंबू सुचवलं. अरे, सॅलड आहे का ते?) आठ महिने गेले आणि भांगाशेजारी रुपयाएवढा चट्टा पडला. गुळगुळीत, चकचकीत. केसांची छिद्रंच गायब.

स्किनच्या डॉक्टरांनी आधी भिंगातून पाहिलं, मग बायोप्सी. चार मिलिमीटरचा तुकडा. तोही चट्ट्याच्या मधून नाही, कडेच्या लालसर भागातून, कारण रोग तिथं जागा असतो. रिपोर्ट आला: लायकेन प्लॅनोपिलॅरिस. "ही इटालियन डिश आहे का गं?" मॅडम म्हणाल्या. मग रडल्या.

दुर्मीळ प्रकरण आहे. आपलीच रोगप्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते आणि तिथं व्रण राहतो. २०२५च्या जानेवारीत बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात अनेकांचे केस झपाट्यानं गळले, आठवतंय? आधी पाण्यावर संशय गेला, मग सेलेनियमचं नाव पुढे आलं. तिथं काहींचे केस परत उगवले, कारण मुळं शाबूत होती. इथं मूळच जातं. म्हणून ते आठ महिने महाग पडले.

आता स्टेरॉइडचं लोशन, अधूनमधून टाळूत इंजेक्शन (दुखतं, सॉलिड दुखतं) आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या. हो, कोरोनात गाजलेल्या त्याच! त्यासाठी डोळे तपासत राहावे लागतात. गेलेले केस आणणं हा हेतूच नाही, उरलेले वाचवायचे. दर महिन्याला त्याच ट्यूबलाइटखाली, त्याच अँगलनं फोटो काढायचं काम माझ्याकडे आहे.

खाज, आग आणि छिद्रं नसलेला चट्टा एकत्र दिसला तर पार्लर नको, थेट त्वचारोगतज्ज्ञ. सोलापुरात सिव्हिलमध्येही त्यांची ओपीडी आहे.

हेअर ट्रान्सप्लांटच्या जाहिराती तिच्या मोबाइलवर रोज येतात. पण रोग जागा असताना लावलेले केसही जाऊ शकतात; तो आधी एक-दोन वर्षं तरी शांत राहायला हवा. तोवर ती भांग डावीकडून पाडते. छान दिसतो तिला.