मागची बैठक

दिवाळीचे वहीपूजन झाले की लाभपंचमीपर्यंत बाजारपेठ विसावते. मुहूर्ताचा सौदा व्हायचा असतो, हमाल गावी गेलेले असतात, आणि वर्षभर दुकानाच्या उंबरठ्याला बांधलेल्या कुटुंबांना तेवढेच चार दिवस मोकळे मिळतात. कोल्हापुरातील गुळाच्या व्यापारातले एक कुटुंब या दिवसांत मालवणजवळच्या देवबागला गेले होते. वडील बासष्ट वर्षांचे, मुलगा एकतीसचा. मुलाने दुकानात आठ वर्षे काढली होती. परंतु धनादेशावर सही अजून वडिलांचीच होत असे. याविषयी घरात भांडण कधी झाले नव्हते. बोलणेच झाले नव्हते, हे खरे दुखणे होते.

देवबाग ही वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, आणि दक्षिणेच्या टोकाला दोहोंचा संगम. पलीकडच्या काठावर भोगव्याचा किनारा दिसतो. नदीच्या कडेने कांदळवने आहेत. तिवराची श्वसनमुळे चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात, तर कांदळाची झाडे कमानीसारख्या आधारमुळांवर उभी असतात. या पाण्यातून कयाक नावाची छोटी होडी वल्हवत समुद्राच्या तोंडापर्यंत जाऊन यावे, असा बेत मुलाने केला होता. कयाक मूळची उत्तर ध्रुवाकडील लोकांची. लाकडी सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बनवीत. आजची कयाक प्लॅस्टिकची असते, तिला इंजिन नसते, आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने ती चालते. इंजिनाची घरघर नाही, पाण्यावर तेलाचा तवंग नाही, एवढ्यावरच आईने या बेताला संमती दिली. पाण्याच्या थेंबाथेंबात जीव मानणाऱ्या घरात विहार करायचाच तर तो यतनेने व्हावा, असे तिचे म्हणणे होते.

पहाटे सामायिक आटोपल्यावर चौदा नियम धारण्याची वेळ आली. 'वाहन' या नियमात आईने मोटारीसोबत कयाकही मोजली, तेव्हा सगळे हसले. 'दिशा' या नियमात वडिलांनी स्वतःच मर्यादा घातली: दक्षिणेस देवबागच्या वाळूच्या टोकापर्यंत, त्यापुढे नाही. मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता. नियमांच्या बाबतीत तो ढिला आहे, अशी वडिलांची जुनी समजूत होती.

भरतीची वेळ काढण्यावरूनही एक गंमत झाली. कयाक देणाऱ्या तरुणाने कोकणातला जुना ठोकताळा सांगितला: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी घोकलेल्या वडिलांनी क्षणात हिशेब मांडला. कार्तिक शुद्ध चतुर्थी, म्हणजे चार पाऊण तीन. पहाटे तीनला भरती पूर्ण. दोन भरत्यांमधले अंतर सुमारे 12 तास 25 मिनिटांचे, म्हणून दुसरी दुपारी साडेतीनच्या सुमारास. आणि मधली ओहोटी सव्वानऊच्या आसपास संपणार. सकाळी ओहोटीबरोबर संगमाकडे जावे आणि भरती लागली की तिच्याच बळावर परतावे. दुपारी समुद्राकडून खारे वारेही सुटतात. व्यापाऱ्याला आवडावा असाच हा सौदा होता. जाताना भाडे पाण्याने भरायचे आणि येतानाही.

सूर्योदयानंतरची 48 मिनिटे उलटल्यावर नवकारशी पारून, उकळलेले पाणी आणि खाखरे बरोबर घेऊन मंडळी काठावर आली. जीवरक्षक जाकिटे चढवली गेली. वडील सवयीने मागच्या बैठकीकडे वळले, तेव्हा तो तरुण म्हणाला, "शेठ, तुमी पुढे बसा. मागचो नाव वळयता, पुढचो ताल धरता." वडिलांनी क्षणभर मुलाकडे पाहिले आणि ते पुढे बसले. आई आणि सून दुसऱ्या कयाकमध्ये बसल्या. तो तरुण आपल्या होडीतून बरोबर निघाला.

पहिला अर्धा तास वल्ह्यावर वल्हे आपटण्यात गेला. पुढच्याला मागचा दिसत नाही. मागच्याला मात्र पुढच्याचे खांदे दिसत असतात. म्हणून ताल पुढच्याने ठरवायचा आणि तो मागच्याने सांभाळायचा असतो. मुलाने वडिलांच्या संथ ताशी हात जुळवून घेतला आणि होडी सरळ चालू लागली. नारळांच्या सावल्या पाण्यावर होत्या. एक घार डोक्यावरून गेली. कांदळवनाच्या आत शिरल्यावर पात्यावरून गळणारे पाणीही ऐकू येत होते. चाळीस वर्षे लिलावाच्या पुकाऱ्यांत गेलेल्या माणसाला ही शांतता प्रथम अवघड गेली, मग आवडू लागली.

नऊच्या सुमारास संगम दिसला. ओहोटीचे पाणी वेगाने समुद्राकडे धावत होते, आणि बाहेरून येणाऱ्या लाटांशी भिडून तोंडाशी पांढरी रेघ उठत होती. देवबागचे वाळूचे टोक डाव्याउजव्या नजरेत आले, तशी वडिलांच्या हातांना निराळीच उमेद चढली. भोगव्याचा किनारा इतका जवळ भासत होता की ते म्हणाले, "अरे, अजून थोडं पुढे. पलीकडे जाऊन येऊ."

मुलाने होडीचे नाक काठाकडे वळवायला घेतले. वडिलांनी विरुद्ध बाजूने वल्हे मारले. दोन वल्ह्यांच्या झगड्यात होडी आडवी झाली आणि प्रवाह तिला बाजूने ओढू लागला. मागून तरुणाची शिटी वाजली. मुलाचा आवाज मात्र चढला नाही. तो म्हणाला, "पप्पा, आज दिशेचा नियम टोकापर्यंतच आहे. तुम्हीच धारला आहे."

वडिलांचे वल्हे जागच्या जागी थांबले. मग त्यांनी ते मुलाच्या तालात घातले. दहा-बारा जोरकस हातांत होडी प्रवाहातून सुटून वाळूला लागली.

वाळूवर बसून दोघांनी पाणी प्यायले. थोड्या वेळाने त्या तरुणाने सांगितले की ओहोटीच्या जोरात या तोंडातून बाहेर गेलेल्या होडीला परत आत आणणे कठीण असते. वडील काही बोलले नाहीत. दिग्व्रत आणि देशावकाशिक ही व्रते ते वर्षानुवर्षे सांगत आले होते. मोकळ्या पाण्याचा मोह पुढे असताना त्यांची आठवण ठेवणारा मात्र मागे बसला होता. आणि त्याने ती आठवण उपदेश म्हणून दिली नाही, त्यांचाच शब्द त्यांना परत केला.

भरती लागल्यावर परतीचा प्रवास खरोखरच आपसूक झाला. एका वळणावर वडिलांनी मागे न पाहता विचारले, "गुळाच्या पावडरीचं तुझं काय चाललं होतं?" मुलगा गाव येईपर्यंत सांगत राहिला.

निवासाच्या घरी आधीच कळवले असल्याने जेवण कंदमुळांशिवायचे होते; तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि लसूण-आले न घातलेली सोलकढी. सूर्यास्तापूर्वी चौविहार करून गाडी कोल्हापूरच्या रस्त्याला लागली.

असा दिवस घालवू इच्छिणाऱ्या कुटुंबांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पावसाळ्यात हे पाणी वर्ज्य समजावे. वल्हवायला सकाळची वेळ बरी. दुपारी वारा वाढतो. पोहता येणाऱ्यानेही जाकीट काढू नये. भरती-ओहोटीची नेमकी वेळ स्थानिक माणसाकडून पडताळून घ्यावी आणि त्याने आखलेली हद्द ओलांडू नये. पक्ष्यांपुढे खाऊ टाकू नये, कांदळवनाची मुळे तुडवू नयेत.

दुसऱ्या दिवशी, लाभपंचमीला, मुहूर्ताचा सौदा झाला. पावती पुढे आली तेव्हा वडिलांनी लेखणी मुलाच्या हाती दिली आणि ते पुढे काट्यापाशी जाऊन, आलेल्या शेतकऱ्यांची विचारपूस करू लागले.